खापरपणजोबा आणि दहा नंबरची खिडकी

३ जानेवारी. सकाळी ७.१०

नवी वही, नवं पेन, बाहेर दीड फूट बर्फ. रिटायर होऊन आठ महिने झाले आणि एवढ्या काळात मी गॅरेजमधलं एक फडताळ आवरलं, तेही अर्धंच. आता बास. यंदाचा संकल्प एकच: ब्रॅकन घराण्याचा संपूर्ण इतिहास, खापरपणजोबा इरॅस्टस ब्रॅकन यांच्यापासून माझ्यापर्यंत, कागदोपत्री पुराव्यानिशी. जूनपर्यंत पूर्ण. मेमध्येच होईल खरं तर, पण जून म्हणून ठेवतो.

आमच्या हॅडन काउंटीला यंदा दोनशे वर्षं होतात. चार जुलैच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढची घोडागाडी आद्य घराण्यांची. १८३० च्या आधी जो इथे येऊन राहिला, त्याचे आपण रक्ताचे वंशज आहोत हे सिद्ध केलं की काउंटीची इतिहास सोसायटी सर्टिफिकेट देते, कोटाला लावायला पितळी पिन देते आणि त्या गाडीत बसवते. शेजारच्या जीन फासलरला गेल्या वर्षीच पिन मिळाली. चर्चमध्ये लावून येतो ते एक वेळ ठीक. कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायला येतो तेव्हाही लावलेली असते.

जीनही इरॅस्टसचाच, पण मुलीकडून. मी मुलाकडून. आडनाव माझ्याकडे आहे, हे मी त्याच्या कधी तोंडावर म्हटलेलं नाही. दोनतीनदाच म्हटलं असेल.

इरॅस्टस १८२६ साली ओहायोच्या जंगलात कुऱ्हाड घेऊन आले आणि ओढ्यावर गिरणी बांधली. लायब्ररीत जिन्यापाशी त्यांचं तैलचित्र आहे. नाक हुबेहूब माझं.

५ जानेवारी

ट्रॅव्हिसचा फोन. ट्रॅव्हिस म्हणजे माझ्या बायकोचा, डार्लीनचा मुलगा. आमचं लग्न झालं तेव्हा पाच वर्षांचा होता. मीच वाढवला. सायकल शिकवली, पोहायला शिकवलं, ड्रायव्हिंग टेस्टमध्ये दोनदा नापास केलं. (मी लायसन्स ऑफिसात परीक्षक होतो. घरचा म्हणून सोडला असता तर गावाने तोंडात शेण घातलं असतं.) शाळेत, दुकानात सगळे त्याला ट्रॅव्हिस ब्रॅकनच म्हणत आले. कागदावर मात्र तो अजून ट्रॅव्हिस ओक्स आहे, पहिल्या बापाच्या नावाने, कारण दत्तकाचा फॉर्म भरायचा राहून गेला. १९९० पासून. फॉर्म ड्रॉवरमध्ये आहे. हरवलेला नाही, हे महत्त्वाचं.

आता त्याच्या बायकोला, कोरिनला, दिवस गेलेत. वीस जूनची तारीख आहे. ट्रॅव्हिस आढेवेढे घेत म्हणाला, लाइल, मोठ्या माणसालाही दत्तक घेता येतं म्हणे, मी चौकशी केली. बाळ यायच्या आत झालं तर माझंही आडनाव कागदावर ब्रॅकन होईल आणि बाळालाही तेच लावता येईल. बापाचं एक आणि बाळाचं एक असं नको वाटतं. तुम्हाला जमण्यासारखं असेल तर बघा हं, नाहीतर राहू दे.

मी म्हटलं, राहू दे काय, उद्याच करतो. कोर्टात मी आता रोजच जाणार आहे. दत्तकाची दहा नंबरची खिडकी आणि जुन्या दप्तराची खोली एकाच मजल्यावर, मध्ये फक्त पाण्याचा नळ.

डार्लीन म्हणाली, उद्या म्हणजे कुठला उद्या, ते वहीत लिहून ठेव. लिहिलं: उद्या.

६ जानेवारी

रविवार. कोर्ट बंद.

७ जानेवारी. दुपार

कोर्टात गेलो. फॉर्म घरी राहिला. गेलोच आहे तर म्हणून दप्तरखान्यात डोकावलो.

तिथे मिस ओपल रेनशॉ. वय एकोणऐंशी. सोसायटीकडे येणारे सगळे पुरावे ही एकटी तपासते. तिने मान हलवल्याशिवाय या गावात कोणीही कोणाचा पणतू होऊ शकत नाही. मी आत पाऊल टाकताच म्हणाली, मिस्टर ब्रॅकन, पेन बाहेर. इथे फक्त पेन्सिल. मी म्हटलं, मी नुसती खात्री करून घ्यायला आलोय, उत्तर मला माहीत आहे. ती म्हणाली, सगळे तसेच येतात.

माझ्याविषयी तिचं मत चांगलं झालेलं दिसतं.

१५ जानेवारी

फॉर्म आठवणीने नेला. दहा नंबरच्या खिडकीतली बाई म्हणाली, हा गेल्या शतकातला आहे, आता नवा चार पानी आलाय, इथेच उभ्या उभ्या भरा, पाच मिनिटांचं काम. पण भरायला काळी शाई लागते आणि माझ्याकडे पेन्सिल. दप्तरखान्यात चालत नाही म्हणून मी पेन बाळगणंच सोडून दिलंय. तिने स्वतःचं पेन पुढे केलं. तोवर साडेअकरा झाले होते, आणि दप्तरखाना बाराला जेवायला बंद होतो. नवा फॉर्म घडी करून कोटाच्या खिशात घातला. संध्याकाळी घरी शांतपणे भरणार.

१६ जानेवारी

डार्लीनने कोट धुवायला टाकला. फॉर्मसकट. माणसाने किती ठिकाणी लक्ष ठेवायचं?

४ फेब्रुवारी

सापडले! १८५० ची जनगणना, मायक्रोफिल्मचं तिसरं रीळ. इरॅस्टस ब्रॅकन, वय सत्तेचाळीस, गिरणीवाला. त्याखाली बायको थिओडोशिया. त्याखाली ओळीने लुसिंडा, फीबी, आयझॅक आणि सगळ्यात शेवटी जोसाया, वय अकरा. जोसाया म्हणजे माझे पणजोबा! नोंद करणाऱ्याने ब्रॅकन हे आडनाव पहिल्या ओळीत एकदाच लिहिलंय आणि खाली प्रत्येक नावापुढे 'वरीलप्रमाणे'च्या दोन बारीक खुणा मारल्यात. मला हुंदका आला. खरोखर आला. फिल्म ओली होईल म्हणून मिस ओपलने कागदी रुमाल दिला.

मग म्हणाली, त्या सालच्या जनगणनेत नात्याचा रकाना नसतो, मिस्टर ब्रॅकन. कोण कोणाचं कोण हे लिहीत नसत. एका छपराखाली झोपणारे सगळे एका यादीत. मी म्हटलं, रकाना कशाला हवा, नाक बघा की. ती म्हणाली, जोसायाचं नाक जनगणनेत नाही.

घरी येऊन मिरवणुकीसाठी उंच टोपी आणि मागे शेपट्या असलेला काळा कोट मागवला. मीडियम साइजचा. जुलैपर्यंत मी वीस पौंड उतरवणार आहे.

१७ फेब्रुवारी. रविवार

ट्रॅव्हिस आणि कोरिन कोलंबसहून जेवायला आले. जेवणाच्या टेबलावर वंशवृक्ष पसरलेला होता, म्हणून सगळ्यांनी मीटलोफच्या ताटल्या मांडीवर घेतल्या. मी तक्ता समजावून सांगितला. इरॅस्टसपासून माझ्यापर्यंत जाड शाईची रेघ. माझ्याशेजारी डार्लीन. त्याखाली कोरं. ट्रॅव्हिससाठी मी वेगळं पान केलंय, त्याला चारी बाजूंनी वेलबुट्टी काढली आहे. सोसायटीच्या तक्त्यावर फक्त रक्ताचीच माणसं येतात. नियम काही मी केलेला नाही.

ट्रॅव्हिसने ते पान बराच वेळ हातात धरलं. म्हणाला, वेलबुट्टी छान जमलीये. मग बर्फ पडायच्या आत निघतो म्हणून दोघं लवकर गेली. बर्फ पडत नव्हता, पण आभाळ तसं होतं. तो समजूतदार आहे. त्याला काही वाटलेलं नाही.

डार्लीन भांडी आपटत होती. म्हणाली, तो फॉर्मचं काय झालं ते विचारायला आला होता, तुझ्या डोक्यात शिरलं का? मी म्हटलं, मग विचारायचं की. ती म्हणाली, लाइल, चौतिसाव्या वर्षी माणसाने बाप किती वेळा मागायचा?

हे जरा लागलं. उद्या सकाळी पहिलं काम दहा नंबर.

१८ फेब्रुवारी

प्रेसिडेंट्स डे. कोर्टाला सुट्टी. हे माझ्या हातात नाही.

६ मार्च

दहा नंबर. नवा फॉर्म मिळाला. त्याला माझ्या आणि डार्लीनच्या लग्नाचा दाखला जोडावा लागतो. घरी येऊन शोधला. इरॅस्टस आणि थिओडोशिया यांच्या १८२९ च्या लग्नाच्या दाखल्याच्या माझ्याकडे तीन प्रती आहेत. आमच्या लग्नाचा सापडत नाही. डार्लीन म्हणाली, झालंच नसेल लग्न, मला अधूनमधून शंका येतेच. मग म्हणाली, शेजारच्या अकरा नंबरच्या खिडकीत दहा मिनिटांत नक्कल मिळते, जा आणि घेऊन ये.

माहीत आहे मला. पण मूळ प्रत घरात असताना नक्कल काढणं म्हणजे पद्धतशीर माणसाने हार पत्करण्यासारखं आहे. आधी सगळी फडताळं नीट लावणार. गॅरेजपासून सुरुवात.

२९ मार्च

मोठीच भानगड उघडकीला आली.

ख्रिसमसच्या सुमारास मी आणि जीनने एकदमच थुंकीच्या नळ्या डीएनए तपासायला पाठवल्या होत्या. रिपोर्ट आले. एका खापरपणजोबाचे आम्ही दोघं, म्हणजे थोडंफार तरी जुळायला हवं. शून्य जुळलं. काहीच नाही. त्याच्यापेक्षा नॉर्वेतला कोणी मच्छीमार मला जवळचा निघाला.

दोन तास विचार केला. निष्कर्ष एकच निघतो: जीन इरॅस्टसचा वंशज नाही. त्याच्या पणजीच्या, लुसिंडाच्या, जन्मातच काहीतरी घोळ आहे. बिचाऱ्याची पिन जाणार. मला वाईट वाटलं, पण सत्य लपवणं माझ्या स्वभावात नाही. सोसायटीला सभ्य भाषेत पत्र लिहिलं. तीन पानं. लगेच टाकलंही. मनावर घेतलं की मी कागद कसा हातासरशी हलवतो, हे डार्लीनने बघायला हवं होतं.

डार्लीनने बघितलं. म्हणाली, हे पत्र मात्र त्याच दिवशी गेलं.

८ एप्रिल

जीनने कुंपणापाशी गाठलं. मला वाटलं, आता भांडणार. तर म्हणाला, अरे लाइल, ओपलने तुझं पत्र वाचून दाखवलं. आमच्या पणजीच्या जन्मात खरंच काही भानगड असेल तर बरंच झालं की, आमचं घराणं म्हणजे नुसतं पीठ आणि प्रार्थना. आणि उकडलेल्या भरल्या अंड्यांची प्लेट हातात देऊन गेला.

दोषी माणूस असाच गोड वागतो. अंडी चांगली होती.

१८ एप्रिल

फॉर्मच्या तिसऱ्या पानावर 'दत्तक घेण्याचं कारण थोडक्यात लिहा' म्हणून चार ओळींची जागा आहे. इतक्या मोठ्या गोष्टीला चार ओळी? मी वेगळ्या कागदावर सविस्तर लिहायला घेतलं, इरॅस्टसपासून. अकरा पानं झाली आणि अजून १८६१ चं युद्धच चाललंय. ट्रॅव्हिसचा जन्म १९८५ चा. वेळ लागेल, पण जज्जला पुढे प्रश्न उरणार नाही.

वजन: दोन पौंड वाढलं. बसून लिहिल्यामुळे.

३० एप्रिल

मिस ओपलने बोलावून घेतलं. मला खुर्ची दिली. ती कोणाला खुर्ची देत नाही.

म्हणाली, तुमच्या पत्रामुळे मी जीन फासलरची बाजू पुन्हा पहिल्यापासून तपासली. पक्की आहे. लुसिंडाचा बाप्तिस्मा, लग्न, पोरं, सगळं जागच्या जागी. मग न्याय सारखा म्हणून तुमची बाजूही तपासली. इरॅस्टसच्या मृत्युपत्रात तीन पोरांची नावं आहेत. जोसायाचं नाही.

मी म्हटलं, बापलेकाचं बिनसलं असेल, मोठ्या घरांतून होतं. तिने एक लांबोडकी वही पुढे सरकवली. गरिबांची व्यवस्था बघणाऱ्या पंचांची वही. नोव्हेंबर १८४६. जोसाया, वय सात, हॅना प्रुइट नावाच्या निराधार बाईचा मुलगा, इरॅस्टस ब्रॅकन यांच्याकडे एकविसाव्या वर्षापर्यंत कामाला बांधून दिला. मालकाने अन्नवस्त्र द्यावं, वाचायला शिकवावं, आणि मुदत भरल्यावर दोन जोड कपडे आणि एक बायबल देऊन मोकळा करावा. खाली इरॅस्टसची झोकदार सही. तिच्याशेजारी हॅनाची फुली.

तिला लिहिता येत नव्हतं. फुली वाकडी आहे, शाई एका अंगाला फरपटलीये. मी ती फुली बघत बसलो. सात वर्षांचं पोर देऊन टाकताना तिच्या हातात कोणीतरी टाक दिला असेल आणि जागा दाखवली असेल. फार वाईट वाटलं मला. तिचं वयसुद्धा कोणी लिहून ठेवलेलं नाही.

मी विचारलं, मग आमचं आडनाव? मिस ओपल म्हणाली, वापरून वापरून पडलं. जनगणनेवाल्याने दोन खुणा मारल्या, गावाने त्याच नावाने हाक मारली, पोराने ओ दिली. कागद कोणी केला नाही. पुष्कळ घरांतून होतं असं, मिस्टर ब्रॅकन.

मी म्हटलं, आणि नाक? ती म्हणाली, नाक सगळ्यांनाच असतं.

२ मे

रात्रभर झोप नाही, पण सकाळी डोकं साफ आहे. खचून जायचं कारण नाही. एक: त्या काळात दोन जोसाया असू शकतात. दोन: प्रुइट हे व्हर्जिनियातलं फार वरचं घराणं असू शकतं आणि हॅना रुसून निघून आलेली असू शकते. तीन: ती १८३० च्या आधी आली असेल तर पिन तरीही मिळते. उद्यापासून प्रुइट.

डार्लीनला अजून काही सांगितलेलं नाही. जीनला तर नाहीच.

९ मे

प्रुइट शोधत १८५४ सालच्या वर्तमानपत्रांची फिल्म फिरवत होतो. प्रुइट नाही, जोसाया सापडला. जाहिरातीत. जशीच्या तशी उतरवतो:

'पळाला. माझ्याकडे बांधलेला पोरगा, जोसाया नावाचा, वय पंधरा, बुटका, गोल तोंडाचा. बोलण्यात पुढे, कामात मागे. आपण काय काय करणार आहोत हे भेटेल त्याला सांगत सुटण्याची खोड आहे. जाताना माझी नवी टोपी नेली व खोदायला सांगितलेला खड्डा अर्धा टाकला. कोणी त्याला आणून दिल्यास सहा सेंट इनाम मिळेल. आभार मानले जाणार नाहीत. इ. ब्रॅकन.'

मिस ओपल म्हणाली, अशी जाहिरात द्यावीच लागायची, नाहीतर पळालेल्या पोराने केलेल्या उधारीला मालक जबाबदार धरला जाई. सहा सेंट म्हणजे, आणू नका, मी नुसता कायदा पाळतोय. मग तिने जाहिरात पुन्हा वाचली, माझ्याकडे बघितलं आणि हसली. एकोणऐंशी वर्षांत पहिल्यांदाच हसली असावी, कारण तिला नीट थांबता येईना.

संध्याकाळी डार्लीनला सगळं सांगितलं. तिने जाहिरात मोठ्याने वाचली. 'काय काय करणार आहोत'पाशी आली आणि हसत हसत स्वयंपाकघरात खालीच बसली. म्हणाली, थुंकी उगाच पाठवलीस, एवढा पुरावा बास होता.

मग डोळे पुसून उठली. म्हणाली, तो सात वर्षांचा होता ना रे? आणि त्याच नावाने हाक मारली तर ओ द्यायचा. लाइल, आज तारीख काय आहे?

मी म्हटलं, नऊ मे. ती म्हणाली, हो.

१० मे

सकाळी आठ वाजून दोन मिनिटांनी दहा नंबर. माझं पेन, काळी शाई. अकरा नंबरमधून लग्नाच्या दाखल्याची नक्कल: नऊ मिनिटं. चार पानं भरली. कारणाच्या चार ओळींत लिहिलं: 'पाच वर्षांचा असल्यापासून माझ्या घरी आहे. माझं नाव लावतो. माझा मुलगा आहे. कागद करायला मी उशीर केला.' चारच ओळी झाल्या. ती अकरा पानं लागली नाहीत.

खिडकीतल्या बाईने शिक्का मारला आणि म्हणाली, सुनावणी बावीस जुलै. मी म्हटलं, बाळ वीस जूनला येतंय. ती म्हणाली, जानेवारीत आला असतात तर मार्चमध्ये उरकलं असतं. मी म्हटलं, जानेवारीत आलो होतो. ती म्हणाली, आठवतंय, माझं पेन हातात घेतलंत आणि साडेअकरा वाजले म्हणून निघालात.

११ मे

ट्रॅव्हिसला अजून कळवलेलं नाही. तारीख अलीकडे ओढून घेणार आणि मग एकदम सांगणार. त्याचा आनंद बघण्यासारखा असेल. शिवाय पहिली बाळं उशिराच येतात, मी वाचलंय. कुठे ते आता आठवत नाही.

२० मे

जज्जना पत्र. त्यांच्या कारकुनाचं उत्तर: तारीख बदलत नाही.

१ जून

टोपी आणि कोट आले. कोटात एक हात जातो. सोसायटीला अर्ज मागे घेत असल्याचं कळवलं आणि टोपी जीनकडे नेऊन दिली. गाडीत तोच बसणार आहे. पत्राबद्दल माफीही मागायची होती, दोन पानी मसुदा खिशात होता. पण त्याने दारातच सांगितलं की ओपलकडून सगळं कळलं, आणि हॅनाचं ऐकून त्याच्या बायकोला रडू आलं. मग रूबार्बची आंबटगोड पाई पुढे ठेवली. दोन तुकडे खाल्ल्यावर मसुदा काढणं बरं दिसेना. शेवटी दारातून वळून नुसतं म्हटलं, जीन, माझं चुकलं. तो म्हणाला, अरे, टोपी मस्त बसते की.

जोसायाच्या माणसांपेक्षा, म्हणजे माझ्यापेक्षा, इरॅस्टसची माणसं मनाने मोठी दिसतात.

९ जून. सकाळी ६.४०

ट्रॅव्हिसचा फोन. डार्लीनच्या फोनवर. अकरा दिवस आधीच झालं. मुलगी, सात पौंड, दोघी सुखरूप. डार्लीन रडत होती, हसत होती, आणि मला ऐकू यावं म्हणून एकेक गोष्ट मोठ्याने परत म्हणत होती. केस काळे. हो का, केस काळे! नाव अडेल. अडेल ओक्स.

मी म्हटलं, ओक्स?

ती फोनवर हात ठेवून म्हणाली, हॉस्पिटलात फॉर्म देतात, लाइल. आणि तिथल्या तिथे भरून घेतात.

११ जून. दुपारी ३.५०. कोलंबस, हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये, गाडीत

बाळ बघितलं.

खाली काउंटरवरच्या मुलीने विचारलं, कुटुंबीय की पाहुणे? कुटुंबीयांना शर्टावर लावायला निळी चिकटपट्टी, पाहुण्यांना पिवळी. आडनाव काय? ब्रॅकन. बाळाचं? ओक्स. नातं? मी सांगायला सुरुवात केली. १८४६ पर्यंत आलो तेव्हा मागे चार माणसं उभी होती. डार्लीन कानाशी म्हणाली, नुसतं आजोबा म्हण रे बाबा. पण मला म्हणवेना. मुलगी पेन घेऊन माझ्याकडे बघत होती आणि माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. सदतीस वर्षं मी कागद नसलेल्या माणसांना खिडकीवरून परत पाठवलंय. पिवळी मागितली. पिवळीला पंधरा मिनिटं.

वर ट्रॅव्हिसने बाळ माझ्या हातात दिलं. नाकाकडे मी मुद्दाम बघितलं नाही. फार हलकी आहे. तिच्या मनगटाला प्लॅस्टिकची पट्टी आहे, तिच्यावर नाव छापलेलं. मी त्याला सांगितलं, कागद केलाय मी, दहा मेला, सुनावणी बावीस जुलैला आहे. त्याने माझ्याकडे बघितलं. म्हणाला, अहो लाइल, सांगायचं तरी. आम्ही मेच्या शेवटापर्यंत थांबलो होतो. मग कोरिनच म्हणाली, आता विचारू नकोस, तुझं तुलाच वाईट वाटतं.

मी म्हटलं, सरप्राइज देणार होतो. तो म्हणाला, हं. मग म्हणाला, सुनावणीला मी येईन. नक्की येईन. पण तिचं नाव आता राहू दे, तिला लागलंय ते.

चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने जाकीट काढून माझ्या कोपराखाली उशीसारखं लावलं, बाळ धरताना हात अवघडू नये म्हणून. चौदा मिनिटं झाली तेव्हा मी उठलो. तो म्हणाला, बसा हो, इथे कोण घड्याळ बघतंय. मी म्हटलं, नको, पिवळी आहे.

डार्लीन अजून वर आहे. ती निळीत आहे, तिला वेळेची अट नाही. बावीस जुलैला अजून एकेचाळीस दिवस.

पिवळी पट्टी शर्टावरून काढायला गेलो आणि थांबलो. काउंटरवरच्या मुलीने तिच्यावर पेनने लिहिलंय, वर माझं नाव आणि खाली 'कोणाकडे: ओक्स, अडेल'. आमची दोघांची नावं एकत्र असलेला सध्या हा एवढाच कागद आहे.